सरकारला सगळं दिसतं, मग मारेकरी का दिसत नाही?

१३ जुलै २०२४. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथे डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा होती. त्या दुपारी वीस वर्षांच्या एका मुलाने मैदानाजवळ अकराएक मिनिटं ड्रोन उडवला. बड्या नेत्यांना संरक्षण देणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसची ड्रोन टिपणारी यंत्रणा नेमकी तेव्हा बंद होती. गोळीबाराच्या तास-दीड तास आधी स्थानिक पोलिसांना तो खटकला. त्यांनी त्याचा फोटो काढला, एकमेकांना मेसेजही केले. पण स्थानिक पोलिसांचे रेडिओ वेगळे आणि सीक्रेट सर्व्हिसचे वेगळे. संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी त्याने व्यासपीठापासून सुमारे १३० मीटरवरच्या छपरावरून आठ गोळ्या झाडल्या. ट्रम्प यांच्या कानाला जखम झाली आणि सभेला आलेल्या एका माणसाचा जीव गेला.

अशी घटना घडली की दोन प्रकारचे लोक तावातावाने बोलू लागतात. पहिले विचारतात, एवढी यंत्रणा झोपली होती का? दुसरे म्हणतात, झोपली कसली, मुद्दाम डोळे मिटून घेतले होते. गंमत म्हणजे ‘सरकार आपले फोन ऐकतं’ याबद्दल दोघांचंही एकमत असतं. सरकार सर्वज्ञ आहे आणि सरकार आंधळं आहे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात.

मला या दोन्ही म्हणण्यांखाली एकच समजूत दिसते: एखाद्या गोष्टीची नोंद कुठेतरी झाली, म्हणजे ती कुणाला तरी माहीत झाली. हत्यांचा इतिहास ही समजूत टिकू देत नाही.

पाळत म्हणजे नेमकं काय?

पाळत दोन प्रकारची असते. एक जुनी: अमक्या माणसावर संशय आहे, त्याच्या मागावर राहा, त्याचा फोन ऐका, तो कुणाला भेटतो ते लिहून ठेवा. दुसरी नवी, सरसकट पाळत. हिच्यात संशय आधी लागत नाही. सगळ्यांच्या नोंदी साठवून ठेवायच्या आणि गरज पडेल तेव्हा त्यात शोधायचं.

सरसकट पाळतीत बहुतेक वेळा तुमचं बोलणं साठवलं जात नाही, साठवला जातो तो ‘मेटाडेटा’. हा शब्द एकदाच समजून घेऊ. टपालाने आलेल्या पत्राचं पाकीट डोळ्यांसमोर आणा. आतला मजकूर वेगळा; पण पाठवणारा कोण, घेणारा कोण, कुठल्या गावाचा शिक्का आणि तारीख काय, हे पाकीट न फोडताही कळतं. फोनच्या बाबतीत ते बाहेरचं पाकीट म्हणजे मेटाडेटा: कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ आणि कुठल्या टॉवरखालून फोन केला. पोलिसांच्या बोलण्यात सीडीआर (कॉलच्या नोंदींची यादी) आणि टॉवर लोकेशन येतं ते हेच.

‘नुसतं पाकीटच तर आहे’ असं सरकारं म्हणतात तेव्हा जरा सावध व्हावं. एखाद्याने सकाळी कर्करोगतज्ज्ञाला फोन केला, दुपारी विमा कंपनीला आणि रात्री अकरा वाजता दूरदेशीच्या भावाशी तासभर बोलला. एकही शब्द न ऐकता त्याच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला कळलं.

पाकिटांवरून खुनी सापडतो?

सापडतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बैरूतचं आहे. १४ फेब्रुवारी २००५ रोजी लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या ताफ्याजवळ स्फोटकांनी भरलेलं वाहन उडवण्यात आलं. हरिरींसह बावीस जण मारले गेले. पोलीस दलात विसाम ईद नावाचा, संगणकाचं शिक्षण घेतलेला एक अधिकारी होता. त्याने त्या भागातल्या फोन-नोंदींचा ढीग मागवला आणि महिनोन्‌महिने चाळला.

त्यातून त्याला आठ फोन सापडले. हे आठ फोन फक्त एकमेकांशीच बोलत. जगात दुसऱ्या कुणालाही त्यांनी फोन केला नव्हता. आपल्या फोनवरून कुणीतरी कधीतरी आईला, दुकानदाराला, चुकीच्या नंबरला फोन करतोच. हे आठ मात्र कधीच नाही. हरिरी जिथे जात तिथले टॉवर हे फोन पकडत. आणि स्फोटाच्या काही क्षण आधी ते गप्प झाले, ते कायमचेच. इतक्या शिस्तीने वागणारा फोन हाच संशयास्पद फोन, हे ईदने ओळखलं.

पण हे फोन कुणाच्या खिशात होते? तर माणूस चोरटा फोन वापरताना स्वतःचा रोजचा फोनही खिशात ठेवतो. दोन फोन दिवसभर एकाच वाटेने, एकाच टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर सरकत असतील, तर ते बहुधा एकाच माणसाचे. त्यातला एक निनावी असला तरी दुसरा नावावर असतो. अशाच धाग्यांवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात २०२० मध्ये विशेष न्यायाधिकरणाने सलीम अय्याश याला त्याच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं.

इथे एक गोष्ट नीट बघून ठेवा. ईदच्या हातात दोन गोष्टी होत्या, स्फोटाची जागा आणि स्फोटाची वेळ. म्हणजे शोध कुठून सुरू करायचा हे त्याला माहीत होतं.

मग आधीच का पकडत नाहीत?

कारण आधी ती जागा आणि वेळ कुणाकडे नसते. इथे थोडं गणित करावं लागेल, पण शाळेतलंच. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत.

समजा एका देशात दहा कोटी लोक आहेत आणि त्यातले शंभर जण खरोखर कुणा मोठ्या माणसाच्या जिवावर उठले आहेत. सरकारकडे एक यंत्र आहे, ते ९९ टक्के अचूक आहे. ऐकायला छानच वाटतं. शंभरातले नव्याण्णव ते बरोबर ओळखेल. पण उरलेल्या निरपराध माणसांतल्या एक टक्क्यावरही ते चुकून बोट ठेवेल आणि दहा कोटींचा एक टक्का म्हणजे दहा लाख. आता यादीत दहा लाख नावं आहेत आणि त्यातली खरी नव्याण्णव. दर दहा हजार नावांमागे जेमतेम एक. एका माणसावर चोवीस तास नजर ठेवायची तर तीन पाळ्यांत किमान तीन माणसं लागतात, म्हणजे तीस लाख पोलीस नुसते या यादीमागे.

परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेला विद्यार्थी पुस्तकातली ओळ न् ओळ पिवळ्या पेनाने रंगवतो, तसं हे आहे. सगळंच महत्त्वाचं ठरलं की कशाकडेच लक्ष जात नाही.

अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेत काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांतून कळलं की तिथे कोट्यवधी लोकांच्या फोन-नोंदी सरसकट गोळा होत होत्या. सरकारनेच नेमलेल्या, नागरी स्वातंत्र्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने जानेवारी २०१४ च्या अहवालात लिहिलं की, या योजनेमुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाच्या निकालात ठोस फरक पडला, असं एकही प्रकरण त्यांना आढळलं नाही.

आता एआय आहे, ते तर शिकेल ना?

शिकायला उदाहरणं लागतात. मांजर ओळखायला शिकवायचं तर मांजरांचे लाखो फोटो दाखवता येतात. हत्या करणारे सुदैवाने मूठभर आहेत आणि ते एकमेकांसारखे नाहीत. सीक्रेट सर्व्हिसने स्वतः १९४९ नंतर अमेरिकेत बड्या व्यक्तींवर हल्ला केलेल्या किंवा हल्ल्याच्या हेतूने जवळ पोचलेल्या ८३ जणांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की, हल्लेखोराचा असा काही ठरीव साचा नसतो. त्यातल्या बहुतेकांनी ज्याला मारायचं त्याला थेट धमकी दिलीच नव्हती. धमकी देणारे वेगळे आणि मारणारे वेगळे. मात्र पुष्कळांनी भावाजवळ, मित्राजवळ किंवा डायरीत काहीतरी बोलून-लिहून ठेवलेलं होतं.

जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना ८ जुलै २०२२ रोजी मारणारा माणूस कुठल्याही अतिरेकी संघटनेत नव्हता. बंदूक त्याने घरीच बनवली होती. पहिल्या आणि दुसऱ्या गोळीत अडीच-पावणेतीन सेकंदांचं अंतर होतं. पहिली चुकली. मागची बाजू मोकळीच राहिलेल्या आबेंना खाली ओढायला तेवढा वेळ पुरला असता. तिथे हवा होता तो पाठीशी उभा असलेला एक सावध माणूस.

खबऱ्या असता तर?

‘यंत्रं सोडा, आत आपला माणूस पेरा’ असं जुनेजाणते सांगतात. हा उपाय झारच्या रशियाने मन लावून करून पाहिला.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बहल्ल्यात मारला गेला आणि त्यानंतर ओखराना या गुप्त पोलीस खात्याचा पसारा वाढला. त्यांनी क्रांतिकारकांत खबरे पेरले. त्यातला येवनो अझेफ इतका वर चढला की समाजवादी क्रांतिकारकांच्या हत्या करणाऱ्या पथकाचा म्होरक्याच झाला. तो ओखरानाकडून पगार घेत होता आणि त्याच्याच पथकाने १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे यांना ठार केलं. प्लेव्हे म्हणजे अझेफला पगार देणाऱ्या खात्याचे सर्वोच्च साहेब.

पुढे १९११ साली कीव्हमध्ये दिमित्री बोग्रोव नावाचा खबऱ्या ओखरानाच्या स्थानिक प्रमुखाकडे आला. म्हणाला, पंतप्रधान स्तोलीपिन यांना मारायला लोक येताहेत, मला ते चेहऱ्याने ओळखू येतील. प्रमुखाने विश्वास ठेवला आणि त्याला नाट्यगृहाचं तिकीट मिळवून दिलं. त्या रात्री खुद्द झार प्रेक्षागृहात होता, चहूकडे पहारा होता. मध्यंतरात बोग्रोव चालत पुढे गेला आणि स्तोलीपिनवर दोन गोळ्या झाडल्या. पहाऱ्यातून आत यायला त्याला काही युक्ती करावी लागली नाही; त्याचं तिकीट पोलिसांनीच दिलेलं होतं. तो शेवटी कुणाच्या बाजूने होता, यावर इतिहासकार अजून भांडतात.

सगळं हातात असूनही

आता आपल्याकडचं उदाहरण, आणि हे वाचताना मला दरवेळी चीड येते. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, साथीदार पळाले. मदनलालच्या बोलण्यातून साथीदारांपैकी एक जण पुण्याहून निघणाऱ्या एका मराठी वृत्तपत्राचा संपादक असल्याचा धागा पोलिसांना मिळाला. शिवाय मुंबईत एका प्राध्यापकाने दुसऱ्याच दिवशी सरकारला सांगितलं की, या मदनलालने आपल्याजवळ कटाबद्दल आधीच बोलून दाखवलं होतं.

वृत्तपत्राचा संपादक काही भूमिगत नसतो. त्याचं नाव अंकावर छापलेलं असतं, सरकारी नोंदीत असतं. पुण्याच्या पोलिसांना नीट विचारलं असतं तर ते हाताशी येण्यासारखं होतं. दिल्लीचे अधिकारी मुंबईला गेले, मुंबईचे अधिकारी आपल्या पद्धतीने शोधत राहिले आणि दहा दिवस निघून गेले. ३० जानेवारीला तोच संपादक, नथुराम गोडसे, प्रार्थनेच्या वाटेवर गांधीजींसमोर येऊन उभा राहिला. पुढे या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने या ढिलाईवर पानंच्या पानं लिहिली.

१९४८ सालच्या त्या दहा दिवसांत फोन टॅपिंगची, कॅमेऱ्याची, कशाचीच कमतरता आड आली नाही. बटलरच्या छपरापाशीही नाही.

म्हणजे मुद्दामच होऊ दिलं?

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, कारण सरकारांनी तो कमावलेला आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींचंच घ्या. २२ नोव्हेंबर १९६३ ला त्यांची हत्या झाली; ज्याच्यावर तिचा आरोप आला त्या ली हार्वी ऑस्वाल्डची फाइल एफबीआयकडे त्याआधीपासून होती. मेक्सिको सिटीत तो सोव्हिएत आणि क्यूबाच्या कचेऱ्यांत गेला, तेव्हा त्या जागांवर सीआयएची नजर होती. हत्येच्या काही दिवस आधी तो डॅलसच्या एफबीआय कार्यालयात येऊन एक चिठ्ठी ठेवून गेला. ऑस्वाल्ड मारला गेल्यावर ती चिठ्ठी संबंधित एजंटने फाडून संडासात टाकली आणि पाणी सोडलं. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाला हे कळलंच नाही. उघडकीला आलं ते १९७५ मध्ये.

त्या एजंटच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. टेबलावर चिठ्ठी आहे, लिहिणाऱ्याने राष्ट्राध्यक्षाला मारल्याचा आरोप आहे आणि जग विचारणार आहे की तुम्ही काय केलं. नोकरी वाचवण्यासाठी केलेली लपवाछपवी बाहेरून हुबेहूब कटासारखी दिसते. आणि एकदा ती दिसली की ‘चूक झाली होती’ हे कितीही खरं असलं तरी कुणी मानत नाही.

त्यात सरकारं कट करतच नाहीत असंही नाही. गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या १९७५-७६ च्या चर्च समितीने दाखवून दिलं की सीआयएने कॅस्ट्रोला मारण्याचे अनेक डाव आखले होते. त्यानंतर १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना राजकीय हत्यांवर बंदी घालणारा हुकूम काढावा लागला. रशियात ऑगस्ट २०२० मध्ये विरोधी नेते नवाल्नी यांच्यावर विषप्रयोग झाला. बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने त्याच डिसेंबरमध्ये दाखवलं की एफएसबी या रशियन गुप्तचर संस्थेचं पथक कित्येक दौऱ्यांत त्यांच्या मागावर होतं. पत्रकारांना हे कशावरून कळलं? रशियात काळ्या बाजारात विकत मिळणाऱ्या फोन आणि विमानप्रवासाच्या नोंदींवरून. नागरिकांवर नजर ठेवायला जमवलेल्या नोंदींत पाळत ठेवणारेच सापडले.

माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मला काय फरक पडतो?

हत्येनंतर मिळालेले अधिकार मारेकऱ्यांपुरते राहत नाहीत आणि परतही जात नाहीत. १८८१ च्या त्या हत्येनंतर रशियात ‘तात्पुरते’ सुरक्षा नियम आले, मुदत तीन वर्षांची. मुदत वाढत वाढत ते १९१७ पर्यंत चालले. १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या चाफेकरांनी, पण त्याच वर्षी राजद्रोहाखाली तुरुंगात गेले टिळक, आणि १८९८ मध्ये राजद्रोहाचं कलम आणखी रुंद झालं. ते वापरलं गेलं ते लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांवर.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडेही बेकायदेशीर असं लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी एफबीआयने त्यांचे फोन ऐकले, हॉटेलच्या खोल्यांत मायक्रोफोन लावले आणि १९६४ मध्ये त्यांच्या खासगी आयुष्याच्या ध्वनिफितीसोबत एक निनावी पत्र पाठवलं. आता तुला एकच मार्ग उरला आहे, असं सुचवणारं. किंग यांनी त्याचा अर्थ आत्महत्येची सूचना असाच घेतला.

आणि ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये ते मोटेलच्या सज्जात उभे असताना समोरच्या अग्निशमन केंद्रातून पोलीस त्यांच्यावर नजर ठेवून होते. नजर किंग यांच्यावर होती, त्यांच्याकडे बंदूक रोखलेल्या माणसावर नव्हती. गोळी लागल्यावर त्यांच्याजवळ सगळ्यांत आधी पोचलेल्यांत एक जण वेष बदललेला पोलीसच होता. इतक्या जवळून पाळत असूनही मारेकरी शहराबाहेर पडला आणि दोन महिन्यांनी लंडनच्या विमानतळावर सापडला.

मग पाळत नकोच का?

नको कशी? बैरूतचे आठ फोन नोंदींशिवाय सापडले नसते. प्रश्न असा आहे की नोंद कधी उघडायची, कुणाच्या परवानगीने, आणि उघडणाऱ्याचा जाब कोण घेणार. नाव घेऊन, कारण लिहून, मुदत ठरवून ठेवलेली पाळत आणि सरसकट पाळत, दोन्हींना एकाच नावाने ओळखणं हीच निम्मी गफलत आहे.

अमेरिकेत चर्च समितीच्या धक्क्यानंतर १९७८ मध्ये गुप्तचर यंत्रणांच्या पाळतीला परवानगी देणारं वेगळं न्यायालय आलं. ते बंद दाराआड चालतं, ही त्याच्यावरची टीका रास्त आहे. भारतात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला चौकट घातली आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण टॅपिंगचा हुकूम आजही गृहसचिव देतात आणि तो बरोबर होता का हे पाहणारी समितीही अधिकाऱ्यांचीच असते. न्यायाधीश त्या वाटेवर कुठेच लागत नाही. मला हे पटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये एका आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाची भररस्त्यात हत्या झाली. शहरभर कॅमेरे होते, चित्रं निघाली, जगभर पसरली. पाच दिवसांनी संशयित सापडला तो दुसऱ्या राज्यातल्या एका मॅकडोनाल्डमध्ये, तिथल्या लोकांनी फोटोवरून चेहरा ओळखून पोलिसांना फोन केला म्हणून.

विसाम ईदचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २०१० मध्ये शोधून काढलं की त्याने फोनच्या त्या जाळ्यांचा अहवाल २००६ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकापर्यंत पोचवला होता. तो कुणीतरी संगणकात टाकला आणि विसरून गेला. दीडेक वर्षाने पथकातल्या लोकांनी स्वतः तशीच जाळी शोधली, मग त्यांना तो जुना अहवाल सापडला आणि ते जानेवारी २००८ मध्ये ईदला भेटायला गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २५ जानेवारीला, बैरूतमध्ये त्याच्या गाडीजवळ बॉम्ब फुटला आणि तो गेला.